हरबा समुद्र बघायला गेला

घाटावरच्या एका गावात हरबा नावाचा एक भोळा माणूस राहत होता. भोळा म्हणजे किती भोळा? सांगितलेलं सगळं ऐकायचा. नुसता ऐकायचा नाही, लक्षातही ठेवायचा. घोळ तिथेच होता.

त्याची बायको शेवंता गेल्या साली बचत गटाच्या बायकांबरोबर कोकणात जाऊन समुद्र बघून आली. तेव्हापासून भाकरी थापताना समुद्र, म्हैस पिळताना समुद्र. ऐकून ऐकून हरबाला ध्यास लागला. दोघांनी जावं तर म्हशीकडे कोण बघणार? तेव्हा त्याने एकट्याने जायचं ठरलं. गाव हसायला लागलं. हरबा वेशीपुढे गेला तरी पुष्कळ झालं, असं जो तो म्हणू लागला. शेवंताला ते फार लागलं. नळावर भर बायकांत ती बोलून बसली, की माझा नवरा एकटा जाईल, डोळे भरून समुद्र बघेल आणि एकटा परत येईल. आता बोलणं तिचं आणि निभावणं हरबाचं.

तिने त्याला एक पिशवी दिली आणि ओझं करू नका म्हणून बजावलं.

"तिथं जे मिळतंय ते हितनं न्यायचं न्हाई," ती म्हणाली.

हरबा विचाराला बसला. कपडे कोकणातही मिळतात. त्याने कपडे बाहेर काढले. पंचा मिळतो. पंचा बाहेर. मग मिळत काय नाही? कडबा नसेल मिळत. आपल्या म्हशीच्या गोवऱ्या तर नाहीच मिळणार. त्याने कडब्याच्या दोन पेंढ्या बांधल्या, गोवऱ्यांची पाटी भरली आणि वर घरचं जातं ठेवलं. जातं एखादवेळेस तिथे मिळालंही असतं, पण हे जातं मिळालं नसतं.

शेवंताने कपाळाला हात लावला. "अवो, आदी हातात धरून बगायचं. जड लागलं की खाली ठेवायचं आन् सरळ फुडं चालायचं."

हरबाने कानाला खडा लावला. मग शेवंताने पिशवीत एक सदरा, एक पंचा आणि चटणी-भाकरी भरली. तो निघाला.

तालुक्याच्या स्टँडवर गर्दी होती. एका बाईला गाडीत बोचकी चढवायची होती. तिने आपलं तान्हं पोर हरबाच्या हाती दिलं आणि जरा धरा म्हणाली. पोर बाळसेदार होतं. हरबाने हातात धरून बघितलं. जड लागलं. त्याने ते बाकावर ठेवलं आणि सरळ पुढे चालू लागला.

बाईने गाडीतून उडीच मारली. पोराला काही झालं नव्हतं, ते आपलं अंगठा चोखत पडलं होतं. पण हरबाला तिने स्टँडभर ऐकवलं. कुणी जीव हाती दिला तर छातीशी धरावा, थोपटावा, आणि ज्याचा त्याला परत देईपर्यंत सोडू नये, एवढीही अक्कल नाही का?

हरबाने कानाला खडा लावला.

कोकणात उतरला तर समोरच मासळीबाजार. एका बाईच्या टोपलीतले खेकडे सुटून चौफेर पळत होते. तिने एक पकडून हरबाच्या हातात दिला आणि बाकीच्यांच्या मागे धावली. हरबाने खेकडा छातीशी धरला. थोपटला. खेकड्याला थोपटून घ्यायची सवय नव्हती. हरबाच्या डोळ्यांत पाणी आलं, पण त्याने सोडला नाही. ज्याचा त्याला द्यायचा होता.

बाईने कसाबसा तो सोडवला. कनवटीची सुतळी काढून हरबाला दाखवली.

"आदी नांगे बांधूचे बाबा, मगे हात लावूचो."

हरबाने कानाला खडा लावला आणि सुतळी मागून घेतली.

बाबल परबाच्या घरी पाहुण्यांसाठी एक खोली होती, तिथे तो उतरला. बाबल माडावर चढला होता. त्याचे म्हातारे वडील न्हाणीत होते, त्यांना पाटावरून एकट्याने उठवत नसे. बाबलने वरूनच हाक मारून हरबाला त्यांना हात द्यायला सांगितलं. हरबा आत गेला. म्हातारबाबा निवांत डोक्यावर तांब्या ओतत होते. हात तर लावायचा होता. म्हणून हरबाने आधी त्यांचे दोन्ही हात सुतळीने बांधले. मग हात लावला.

म्हातारबाबांच्या आवाजाने बाबल माडावरून निम्मा घसरतच खाली आला.

"मेल्या," म्हातारबाबा ओरडले, "माणूस आंघोळ करता तेव्हा पाठ फिरवूची! आंघोळ संपेपर्यंत वळान बघूचा नाय!"

हरबाला मनापासून वाईट वाटलं. त्याने त्यांचे पाय धरले. कानाला असा खडा लावला की पुन्हा निघायचा नाही.

सकाळ होताच तो समुद्राकडे निघाला. मध्ये सुरूचं बन होतं. पलीकडून गाज ऐकू येत होती. बनात शहाळी विकणारा भेटला. पलीकडे गलका कसला म्हणून हरबाने विचारलं. तो म्हणाला, "लोक आंघोळ करतायत."

हरबा जागच्या जागी थांबला. पाठ फिरवली. मग तसाच उलटा चालत वाळूत गेला आणि उभा राहिला. लाटेने टाचा भिजवल्या. दुसऱ्या लाटेने पाठीमागून ढकललं. त्याने मान वळवली नाही. संध्याकाळी किनाऱ्यावरचे सगळे त्याच्या पाठीमागे बघून वा वा करत होते आणि हरबा त्यांची तोंडं बघत होता. दुसऱ्या दिवशी तो दिवस उजाडताच गेला. दोन म्हातारे आधीच पाण्यात उतरले होते. तिसऱ्या दिवशी शाळेची सहल आली. चौथ्या दिवशी परतीची गाडी होती.

गावात पारावर सगळं गाव जमलं होतं. हरबा एकटा गेला आणि एकटा आला, हे तर सगळ्यांनी डोळ्यांनी पाहिलं. शेवंताची मान ताठ झाली. तिने सगळ्यांदेखत विचारलं, "कसा हुता समुद्र?"

हरबाने मान खाली घातली.

"बगायला मिळाला न्हाई. लोकांची आंघोळ चालली हुती. तीन दिस थांबलो, पर संपंना," तो म्हणाला, आणि बायकोचं उतरलेलं तोंड बघून त्याने तिची समजूत काढली. "तू जिवाला लावून घिऊ नगं. फुडल्या साली सगळ्यांना पुरंल एवढा साबण घिऊनच जातो."