मुंग्या येईनाशा झाल्या

पूर्वी गोदावरीच्या काठी, अश्मक देशातल्या पोतन नगरात उदयसेन राजा राज्य करीत असताना बोधिसत्त्व एका वैद्यकुळात जन्माला आला. त्याचे नाव सोमिल. वडिलांच्या मागे तो आणि त्याचा धाकटा भाऊ सुबाहू मोठी औषधशाळा चालवीत. सोमिल रानोमाळ हिंडून वनस्पती शोधी, काढे सिद्ध करी. सुबाहू ते तांड्यांबरोबर दूरदूरच्या नगरांत पाठवी.

त्या काळी पोतनात मधुमेह फार बळावला होता. धडधाकट माणसे वाळत जात. कितीही पाणी प्याली तरी त्यांची तहान भागत नसे. पाय बधिर होत, आणि नुसते खरचटले तरी जखम चिघळे. रोग्याचे मूत्र जमिनीवर पडले की त्याच्या गोडीने मुंग्या जमत, आणि तीच रोगाची खूण होती. मुंग्या दिसल्या की घरची माणसे मनातून आशा सोडून देत.

या रोगावर उतारा शोधण्यात सोमिलाचे तारुण्य सरले. शेवटी सह्याद्रीच्या रानातून आणलेल्या एका वेलीचा कडू काढा त्याने उप्पला नावाच्या माळिणीला दिला, आणि तिच्या मूत्राला मुंग्या येईनाशा झाल्या. मग इतरांच्याही. नगरात तोरणे लागली. राजा स्वतः याच रोगाने खंगला होता. त्यानेही काढा घेतला, मुंग्या गेल्या, आणि कित्येक वर्षांनी त्याने मधाचे पायस मागवले. औषधशाळेच्या दारात रोग्यांची रीघ लागली.

पुढच्या हिवाळ्यात उप्पला फुलबाजारात दिसेना, म्हणून सोमिल तिच्या घरी गेला. ती भिंतीला टेकून बसली होती. तिचा उजवा पाय घोट्यापर्यंत काळा पडला होता. घरात कुजका वास भरला होता.

"हे कशाने झाले?" त्याने विचारले.

"चुलीतला निखारा पायाखाली आला. मला कळलेच नाही. कातडी चरचरल्याचे लेकीला ऐकू आले, तेव्हा खाली पाहिले."

"आणि मुंग्या?"

"त्या नाही येत, वैद्यराज. म्हणून तर मी निर्धास्त होते. गोडधोडही खाल्ले." मग ती म्हणाली, "मी बरी झाले होते ना?"

सोमिलाने तिचा पाय धुऊन बांधला. त्याच आठवड्यात ती गेली.

तिच्या दहनाहून परतल्यावर सोमिलाने परसातल्या वारुळाशी मधाचे दोन थेंब ठेवले. एकात तो काढा मिसळला होता. साध्या मधावर मुंग्यांची झुंबड उडाली. दुसऱ्या थेंबाजवळ येऊन त्या वळून जात होत्या. तेव्हा त्याला समजले. वेलीने रोगाला हातही लावला नव्हता. तिचा कडवटपणा मूत्रात उतरून मुंग्यांना दूर ठेवीत होता, एवढेच. रोग आत आपले काम करीत राहिला होता, आणि ज्या खुणेने लोक सावध होत, ती खूण सोमिलाने स्वतःच्या हातांनी पुसली होती. 

सुबाहूने सगळे ऐकून घेतले. "दादा, खरे औषध सापडेपर्यंत गप्प राहा," तो म्हणाला. "लोक निदान सुखाने झोपतात. दिलासाही औषधच असतो."

"तोवर ते पायस खात राहतील, सुबाहू. पायाला निखारा लागला तरी त्यांना कळणार नाही."

"आणि राजाला काय सांगशील?"

"जे आहे ते."

सोमिलाने दरबारात मधाचे ते दोन थेंब सगळ्यांसमोर ठेवून दाखवले. राजा पुढे वाकून मुंग्यांकडे पाहत होता. त्याच्या डोळ्यांना आताशा धूसर दिसू लागले होते, पण ते त्याने कोणाला सांगितले नव्हते.

"म्हणजे मी मरणार, हे सांगायला तू आलास?"

"महाराज, मरण कधी येईल ते मला ठाऊक नाही. पण रोग गेलेला नाही. काढा बंद करा. जवाची भाकरी खा, रोज चाला, तळपाय तपासत जा. त्याने रोग जाणार नाही, फक्त त्याची चाल मंदावेल. याहून अधिक माझ्याजवळ काही नाही."

राजाने सोमिलामागे उभ्या असलेल्या सुबाहूकडे पाहिले. सुबाहू खाली मान घालून म्हणाला, "महाराज, दादाचे चित्त ठिकाणावर नाही."

राजाला हेच ऐकायचे होते. प्रजेत भय पसरवल्याबद्दल त्याने सोमिलाचा उजवा हात तोडून त्याला नगराबाहेर घालवले. सोमिलाने भावाचा किंवा राजाचा राग धरला नाही. वेदनेने शुद्ध हरपेपर्यंत त्याच्या मनात उप्पलेचा प्रश्न होता.

औषधशाळा चालूच राहिली. राजा आधी आंधळा झाला, मग मेला. सोमिल खेडोपाडी हिंडून डाव्या हाताने लोकांचे तळपाय तपासत असे आणि काढा टाकून द्या म्हणत असे. पुष्कळांनी त्याला दगड मारले. थोड्यांनी ऐकले, ते जरा अधिक जगले. रोगाचे औषध त्याला अखेरपर्यंत सापडले नाही.

ही कथा सांगून भिक्षुसंघाचे गुरू शास्ता म्हणाले, "भिक्षूंनो, त्या वेळचा सुबाहू म्हणजे हा सेवेकरी भिक्षू वप्प, ज्याने काल आजारी सोबत्याला 'तुझा व्रण भरला' असे खोटेच सांगितले. उप्पला म्हणजे आज त्या आजारी सोबत्याची जखम धुणारी भिक्षुणी. तो राजा म्हणजे हाच आजारी भिक्षू. आज सकाळी त्याने स्वतःहून 'मला खरे सांगा' म्हटले, ते म्हणायला त्याला इतके जन्म लागले. आणि सोमिल वैद्य म्हणजे मीच."

ही सत्यपारमिता, म्हणजे सत्याची परिपूर्णता, होय.