अण्णांची पारख

“कुमुदचं बोलावणं नव्या सुनेला सांगू नका, उगाच माहेरी बोलेल,” पानाआडून सासूबाई बेडकीण सासऱ्यांना म्हणाल्या. सुनेला ते नेमकं ऐकू आलं.

तळ्यांना अजून नावं पडायची होती, तेव्हाची ही गोष्ट. तिथला गाण्याचा सगळा कारभार अण्णा नावाचे एक पाणसाप बघायचे. त्यांच्या शब्दाशिवाय कुणाला कुठल्याच तळ्यावर गाता येत नसे. एखादीचा गळा आवडला की अण्णा तिला एकटीलाच बिळात बोलवायचे, आवाज तपासायला. गेल्या साली रेवती गेली, त्याआधी दोघी गेल्या. “मोठ्या तळ्यावर कार्यक्रम असतात त्यांचे, यायला सवड कुठली,” असं सगळे सांगत. अण्णा मात्र दर वेळी जरा जाड होऊन बाहेर यायचे.

आज बोलावणं कुमुदला, म्हणजे सुनेच्या धाकट्या नणंदेला होतं.

“साप आहेत ते, मला का माहीत नाही?” सासरे म्हणाले. “पण गाण्यातलं त्यांना फार कळतं हो. काल मान कशी डोलवत होते.”

सूनही काल मैफलीत मागे बसली होती. गाणं संपून सगळे जेवायला उठले, तरी अण्णांची मान डोलतच होती.

कुमुद नटूनथटून निघाली. लग्नापासून एक शब्द न बोललेली सून उठली आणि तिची वाट अडवून उभी राहिली.

“मामंजी, अण्णांना कानच नाहीत,” ती म्हणाली. “मग बिळात ते तपासतात तरी काय?”