निरंक

"हिशेबात एका पैशाचा फरक नाही, तरी लोक मला बोलतात. ते का, बाबा?"

मोतीगीर बाबा मठाच्या ओसरीवर पाय लांब करून बसले होते. गुडघ्यावर एरंडाची पानं बांधलेली. उन्हं नुकती कलली होती.

विचारणारा शशिकांत बोर्डे. वीस वर्षांपूर्वी त्यानं बाबांकडून कानमंत्र घेतला होता, दोन वर्षं याच मठात राहिला होता. आता गावात त्याला शशीभाऊ म्हणत. फाटकाबाहेर त्याची जीप उभी होती. जीपच्या दोन्ही अंगांना एका लहान मुलीचा मोठा फोटो रंगवलेला, आणि खाली अक्षरं : वैजू शोध समिती.

वैजू हरवली त्याला चार वर्षं झाली होती. तहसील कचेरीच्या आवारात आई रेशनकार्डाच्या रांगेत उभी होती. पोरगी झाडाखाली बसवलेली. आईचा नंबर आला, अंगठा उमटवून ती वळली, तर झाडाखाली कोणी नाही. तेव्हा वैजू सहा वर्षांची होती.

फोटोतली अजून सहाचीच होती.

"कोण काय बोललं?" बाबांनी विचारलं.

"टपरीवर चहा पीत होतो. मागून कोणीतरी म्हणालं, पोरगी लंकाबाईची हरवली अन् शशीला सापडली." शशिकांत थांबला. "सगळे हसले. मीही हसलो."

"तू का हसलास?"

"नाहीतर काय करणार, बाबा…"

त्यानं पिशवीतून एक जाड, बांधणी केलेला अहवाल काढला आणि बाबांच्या पायांपाशी ठेवला.

"चार वर्षांत एकोणचाळीस लाख आले. कुठून आले, कुठं गेले, सगळं यात आहे. दर महिन्याला चौकातल्या फळ्यावर लावतो. दुसरी कुठली समिती हे करते, सांगा. मी मानधन घेतो, अठरा हजार. लपवत नाही, ठराव केलाय. ऑफिस माझ्याच गाळ्यात आहे, त्याचं भाडं मलाच मिळतं, पण तेही लिहिलंय. पान सहावर. पुढच्या महिन्यात जिल्ह्याला माझा सत्कार आहे, पारदर्शक कारभारासाठी."

"मग माझ्याकडं काय काम?"

"तुमचा शब्द गाव खाली पडू देत नाही. एकदा हे बघा, आणि एवढंच म्हणा की शशीचा हात स्वच्छ आहे."

बाबांनी अहवाल उचलला. डोळ्यांजवळ नेला, लांब धरला, पुन्हा जवळ आणला.

"दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू आहे माझ्या. तूच वाच. जरा मोठ्यानं वाच, म्हणजे तिलाही ऐकू जाईल."

ओसरीच्या दुसऱ्या टोकाला लंकाबाई सुपात ज्वारी निवडत बसली होती. वैजूची आई. कापसाच्या जिनिंगमध्ये कामाला होती, आणि सुट्टीच्या दिवशी मठात येऊन पडेल ते करायची. आल्या आल्या शशिकांतनं तिला हात जोडले होते. तिनं उठून त्याला पाणी दिलं होतं.

"वाचा की दादा," ती म्हणाली. "माझ्या पोरीचंच हाय ते."

तिनं डोक्यावर पदर घेतला. पोथीला बसावं तशी मांडी घालून बसली.

शशिकांतनं घसा साफ केला आणि वाचायला लागला. त्याचा आवाज चांगला होता. मठात असताना आरतीला तोच पुढं असायचा. देणग्या वाचल्या. छपाई वाचली. पीडित मातेस साहाय्य, दरमहा दोन हजार. तिथं लंकाबाईनं मान हलवली.

"मिळत्यात, बाबा. एक महिना चुकवलं न्हाई दादांनी."

शशिकांतनं बाबांकडं बघितलं. बाबा डोळे मिटून ऐकत होते.

"प्रवास," तो पुढं वाचू लागला. "सोलापूर, चौकशी, सात हजार दोनशे. नागपूर, पोस्टर वाटप, अकरा हजार. धामणी जंक्शन, बालगृह चौकशी, निरंक. परभणी…"

"दादा," लंकाबाई म्हणाली, "निरंक म्हंजी काय?"

"म्हणजे त्यावर काही खर्च झाला नाही, मावशी."

"तितं गेलात, अन् कायच खर्च न्हाई झाला?"

"गेलो नाही."

तो पान उलटणार होता. बाबांनी डोळे न उघडता विचारलं, "का नाही गेलास?"

शशिकांत खोटं बोलणारा माणूस नव्हता. ती त्याची ऐट होती. त्यानं सरळ सांगून टाकलं.

"तिथल्या बालगृहातून फोन आला होता. दीड वर्ष झालं. एक मुलगी आहे, पोस्टरमधल्या मुलीसारखी वाटते, येऊन बघून जा, म्हणाले. असे फोन आम्हाला कायम येतात, बाबा. प्रत्येकापाठी धावलो तर देणगीदार उद्या विचारतील, आमचा पैसा डिझेलमध्ये घातला का. म्हणून नियम केलाय. दोनशे किलोमीटरच्या वर जायचं तर गाडीची तीन दरपत्रकं मागवायची आणि बैठकीत ठराव घ्यायचा. तेव्हा जीप नव्हती आपल्याकडं."

"मग?"

"पहिल्या बैठकीला पुरेशी माणसंच आली नाहीत. दुसरी वार्षिक सभेच्या गडबडीत राहिली. ठराव झाला तोवर तिकडून कळलं, मुलीला हलवलं. मग प्रवास रद्द. म्हणून निरंक."

"किती दिवस गेले मधे?"

शशिकांतनं पान बघितलं. तेही तिथं लिहिलेलं होतं.

"सत्तावीस."

…

लंकाबाईचे हात सुपात तसेच राहिले होते.

"मला न्हाई सांगितलं, दादा."

"उगाच आशा लागते, मावशी. मागं एकदा सोलापूरला तुम्हाला नेलं होतं. ती मुलगी वेगळी निघाली, तर तुम्ही आठ दिवस जेवला नव्हता. तुमच्यासाठीच…" तो अडखळला. "आणि लपवलेलं नाही काही. चौकात फळ्यावर लावलं होतं. महिनाभर होतं."

"त्या फळ्याखालनं मी रोज जाती," ती म्हणाली. तिचा आवाज चढला नाही. "जिनिंगला जाताना. वर वैजूचा फोटू हाय म्हणून त्याला हात लावून जाती. खाली काय लिवलंय ते मला कुटं कळतंय."

शशिकांत अहवालाची पानं सारखी करू लागला.

"कशी व्हती ती? फोनवर काय म्हनाले?"

"मावशी, आता दीड वर्षानं त्याचा काय…"

"वाच," बाबा म्हणाले.

अहवालाच्या शेवटी आलेल्या फोनांच्या नोंदी होत्या. त्याही त्यानंच आग्रहानं छापायला लावल्या होत्या. त्यानं बोट फिरवत फिरवत ती नोंद काढली. आता त्याचा आवाज मघासारखा नव्हता.

"वय अंदाजे आठ ते नऊ. वर्ण सावळा. नाव सांगत नाही. आईवडिलांविषयी विचारल्यास रडते. डाव्या हाताने जेवते."

तो तिथंच थांबला. पुढं काही नव्हतंच.

मठाच्या आवारात एक गाय होती, ती खुंट्याभोवती फिरली. तिच्या साखळीचा तेवढा आवाज झाला.

"डाव्या हातानं जेवती म्हनून मी मारायची तिला," लंकाबाई म्हणाली. "उलथन्यानं हातावर मारायची. चार लोकांत जेवायला बसल्यावर लोक हसतील म्हनून."

"पुष्कळ मुलं डावखुरी असतात, मावशी," शशिकांत म्हणाला. ते बोलताना त्यानं तिच्याकडं बघितलं नाही.

"तुमाला ठावं नव्हतं?"

"तुम्ही कधी सांगितलं नाही."

"तुमी कवा इचारलं न्हाई."

तिनं सूप बाजूला ठेवलं. पदरावरची फोलं झटकली, उठून रांजणावर गेली, तोंडावर पाणी मारलं आणि परत आली. ती रडत नव्हती. घाईच्या कामाला निघालेल्या बाईसारखा तिचा चेहरा दिसत होता.

"तितनं कुटं हलवली तिला?"

"दुसऱ्या राज्यात, एवढंच म्हणाले. आपल्याकडं पुढची नोंद नाही."

"त्यांच्याकडं असंल."

"असेल… बहुतेक."

"मग मी जाती. पावणेचारची एस्टी हाय."

"थांबा मावशी. जीप आहे ना. मी उद्या सगळ्यांना फोन करतो, परवा बैठक…" बोलता बोलता तो उठून उभा राहिला. मग म्हणाला, "नाही, आत्ताच जाऊ. जीपनं जाऊ. मी येतो."

लंकाबाईनं फाटकाकडं बघितलं. जीपवरची वैजू हसत होती. दोन वेण्या, कपाळावर तीट, समोरचा एक दात पडलेला.

"नको दादा," ती म्हणाली. "तेवढं तिकिटापुरतं द्या."

शशिकांतनं खिशात हात घातला. पाचशेच्या तीन नोटा निघाल्या, त्या सगळ्याच त्यानं पुढं केल्या. त्याच्या स्वतःच्या होत्या. तिनं घेतल्या, मोजल्या नाहीत, कमरेला खोचल्या.

आणि तिनं डाव्या हाताचा अंगठा त्याच्यापुढं धरला.

चार वर्षं दर महिन्याला तेच होत आलं होतं. दोन हजार घ्यायचे आणि व्हाउचरवर अंगठा द्यायचा. तिला दुसरं काही माहीत नव्हतं. शाईची डबी निघेल म्हणून ती अंगठा धरून तशीच उभी राहिली.

शशिकांत त्या अंगठ्याकडं बघत राहिला…

"लागत नाही, मावशी," तो कसाबसा म्हणाला.

"का? लिवायचं न्हाई व्हय?"

"नाही."

तिला ते पटलं नसावं. तरी तिनं हात खाली घेतला. बाबांच्या पायांवर डोकं ठेवलं.

"माझी ज्वारी ऱ्हायली, बाबा."

"राहू दे," बाबा म्हणाले. "जा तू. जंक्शनला उतरल्यावर आधी पोटात काहीतरी घाल."

ती गेली. फाटकातून बाहेर पडून स्टँडच्या बाजूला वळली. जीपपाशी ती थांबली नाही आणि तिनं फोटोला हातही लावला नाही. बऱ्याच वेळानं हमरस्त्यावर एस्टीचा हॉर्न वाजला.

शशिकांत ओसरीवर खाली बसला. अहवाल त्याच्या मांडीवर उघडाच होता. वाऱ्यानं पानं उलटत होती. तो त्यांना धरत नव्हता.

"बाबा, मी एक पैसा खाल्ला नाही."

"नाही खाल्लास."

"सगळं लिहिलं. जे होतं ते लिहिलं."

"लिहिलंस."

…

बाबांनी हात लांब करून लंकाबाईचं सूप आपल्याकडं ओढलं. डोळ्यांना दिसत नव्हतं, म्हणून ते बोटांनी चाचपून ज्वारीतले खडे शोधायला लागले. एखादा सापडायचा. एखादा बोटाखालून निसटायचा.

शशिकांत बराच वेळ ते बघत राहिला. ऊन ओसरीच्या पायरीवर आलं होतं. त्याला वाटलं, बाबा रागावतील, दोन शब्द बोलतील, मग आपण रडू आणि मोकळे होऊ. बाबा खडेच शोधत राहिले.

शेवटी त्यालाच राहवलं नाही.

"बाबा… ती आता सापडलीच नाही तर?"

बाबांची बोटं सुपात थांबली.

"आणि सापडली, अन् त्या सत्तावीस दिवसांचं विचारलं तिनं तर, शशी…?"