रेणावीकरांच्या दवाखान्यातला ऑक्सिजन

"...आणि एवढं सगळं पाहिल्यावर आणखी काय तपासायचं राहतं, सर?"

विचारणारा डॉ. निरंजन कोठावळे, आरोग्य खात्याचा तपासणी अधिकारी. ज्यांना विचारलं ते डॉ. शमसुद्दीन मुजावर. भूल द्यायला त्याला त्यांनीच शिकवलं होतं. निवृत्तीनंतर ते याच तालुक्याच्या गावी राहत.

गावातल्या डॉ. रेणावीकरांच्या दवाखान्यात नलिनी खरात नावाची बाई ताप आला म्हणून गेली. ब्लाउज शिवून घर चालवणारी. इंजेक्शन तिला सोसलं नाही. श्वास अडकला आणि ती तिथल्या बाकावरच गेली.

नवऱ्याने तक्रार केली. दवाखाना सुरक्षित आहे की नाही, हे निरंजनने आज संध्याकाळपर्यंत सही करून कळवायचं होतं. सुरक्षित म्हटलं की तक्रार निकालात.

पाहणी त्याने केली होती. रीतीप्रमाणे आधी फोन करून. दवाखान्यानेही रीतीप्रमाणे त्या दिवशी पेशंट परत पाठवले, फरशीला फिनेल मारलं, खाटांवर कोऱ्या चादरी घातल्या आणि साहेबांना शहाळं दिलं.

"पेशंट कोण कोण भेटले?" सरांनी विचारलं.

"पाहणीच्या दिवशी पेशंट कसे असतील, सर?"

...

सरांनी चपला घातल्या.

"चल."

दवाखान्यात गर्दी होती. डॉक्टर जेवायला घरी गेले होते. निरंजन एकेक वस्तू दाखवू लागला, नव्या घराची वास्तुशांत झाल्यावर यजमान दाखवतो तशी. शेवटी कोपऱ्यातला ऑक्सिजनचा सिलिंडर. गळ्यात पाटी : भरलेला.

"हा ती गेली त्या दिवशीही इथेच होता," तो म्हणाला. "छोट्या गावात याहून जास्त काय हवं?"

"लाव."

"कोणाला?"

सरांनी एका हाताने त्याची मान धरली आणि दुसऱ्या तळव्याने नाकतोंड दाबलं. उभा जन्म भूल देण्यात गेलेला हात. फट राहिली नाही.

"सिस्टर, यांना ऑक्सिजन लावा."

सिस्टर धावली. मग थांबली. सिलिंडर उघडायची चावी इथे नसते, ती म्हणाली. हरवते म्हणून डॉक्टर ती गाडीच्या किल्ल्यांच्या जुडग्यात ठेवतात. जुडगा त्यांच्या खिशात. तिने फोन लावला. रिंग वाजत राहिली.

निरंजन आधी हसला असावा. मग त्याने मान हलवली. मग त्याचे पाय झाडले जाऊ लागले, औषधांचा ट्रे खाली आला. बाकावरची माणसं उठून उभी राहिली. कोणी पुढे आलं नाही.

शेवटी त्याने सरांचं मनगट नखांनी ओरबाडलं. सरांनी हात काढला.

तो भिंतीला टेकून खाली बसला. बराच वेळ त्याने नुसता श्वास घेतला.

मग सिस्टरला विचारलं, त्या दिवशी चावी कुठे होती. तिने खाली बघत सांगितलं, त्या दिवशीही डॉक्टर इंजेक्शन लिहून देऊन जेवायला गेले होते.

...

"सर," निरंजन म्हणाला, "आणखी जरा वेळ गेला असता तर मेलो असतो मी."

सर मनगटावरचं रक्त पुसत होते.

"आता तपासणी झाली," ते म्हणाले. "कर सही."