विपुलेचा बांध

पूर्वी शंखपुरात राजा धृतसेन राज्य करीत असताना बोधिसत्त्व जवळच्याच एका नदीकाठच्या खेड्यात कुंभाराच्या घरी जन्मले होते.

त्या खेड्यातली विपुला तक्षशिलेहून पाण्याची विद्या शिकून परतली. वाटभर तिला वाटत होते, गाव आळशी असेल, आपणच त्याला कामाला लावू. येऊन पाहते तो गाव पहाटेच कुदळी-पाट्या घेऊन तयार! खोळंबा झाला तो तिच्यामुळेच.

पुरापासून भातशेती वाचवायला बांध घालायचा होता. हाताशी एकच महिना होता. विपुला मोठी हुशार. दिवसभर रचलेल्या बांधाहून सरस बांध तिला घरी पोचेपर्यंत सुचे आणि सकाळी ती कालची माती उकरायला लावी. अठरा दिवस झाले, बांध काही गुडघ्यावर जाईना.

"ताई," नांगऱ्या नंदक म्हणाला, "आज कुठली माती उकरायची? कालची की परवाची?"

सारे हसले. विपुलाही हसली, पण तिचे डोळे भरून आले.

बांधातून पाणी काढणाऱ्या मातीच्या नळ्यांचे माप बदलायचे म्हणून ती कुंभाराकडे गेली.

"तिसऱ्यांदा?" बोधिसत्त्वांनी विचारले.

"आधीचे चुकले होते, बाबा."

त्यांनी चाकावरून मडके उतरवले. काठ जरा कलला होता. विपुलेला राहवेना. "मोडा ना ते! याहून चांगले येते तुम्हाला."

"येते की. पण यात पाणी राहील. याची खोड आता कळली, ती पुढच्या मडक्यात काढीन. हेच मोडत बसलो तर गाव ओंजळीने पाणी पिईल."

"म्हणजे माझी बुद्धीच मला नडते?"

"बुद्धी कशाला नडेल, पोरी? केलेल्या कामाचा कल डोळ्यांना दिसतो, सुचलेल्याचा दिसत नाही. म्हणून तुला रोज सुचलेलेच देखणे वाटते."

दुसऱ्या दिवशी सकाळी बांधाकडे येताना तिला एक युक्ती सुचली, आजवरची सर्वांत सुरेख. नंदकाने सवयीने कालच्या मातीवर कुदळ उगारलीही होती.

"थांब, दादा," ती म्हणाली. "पूर येऊन जाईपर्यंत उकरणे बंद. सुचेल ते पुढच्या वर्षी." आणि पहिली पाटी तिने कालच्या मातीवर नेऊन ओतली.

आपल्या पूर्वजन्मीची ही गोष्ट संघाला सांगून शास्ते, म्हणजे भगवान, म्हणाले, "बांध वाकडाच झाला, पण भात वाचले. भिक्षूंनो, ती विपुला म्हणजे दर पंधरवड्याला ध्यानाची रीत बदलणारी ही आपली भिक्षुणी उत्तरा. तिला चिडवणारा नंदक म्हणजे हा भिक्षू सोण. आणि तो कुंभार मीच होतो."

उत्तरा लाजून हसली. हाती घेतलेले तडीस नेण्याच्या या गुणाला अधिष्ठान पारमिता म्हणतात.