दिवडमहाराजांचा उपास

फार वर्षांमागे एका तळ्यावरचं बगळ्याचं राज्य गेलं आणि दिवड सापाचं आलं. नव्या महाराजांनी पहिल्याच दिवशी दवंडी पिटवली, "आजपासून दर सोमवारी आमचा कडक उपास! त्या दिवशी बेडकांनी खुशाल काठावर बसून ऊन खावं."

सोमवार आला. बेडूक हरखून काठावर जमले. फक्त टुण्या घुम्यासारखा बसला होता. त्याच्या धाकट्या भावाला बगळ्यानं जाता जाता गिळलं होतं.

"आता तरी हस की मेल्या," म्हातारी बेडकी म्हणाली, "राजा बदलला!"

टुण्याला राहवेना. तो ओरडला, "महाराज, संध्याकाळी उपास कशानं सोडणार?"

काठावरच्या दगडावर वेटोळं घालून बसलेल्या महाराजांची जीभ बेडकांकडे बघून लवलवली.

पाण्यात पहिली उडी म्हातारीची पडली.