मेघद्वारची न संपणारी पंगत

कृतयुग उतरणीला लागलं होतं आणि त्रेतायुगाची चाहूल पृथ्वीला अजून लागायची होती, त्या संधिकाळी हिमशिखरांच्या पायथ्याशी शालिप्रस्थ नावाचा एक देश होता. सुवर्णवर्ण साळींनी वाकलेली शेतं, कमलपत्रांनी झाकलेली तळी, होमधूमाने सुगंधित झालेली तपोवनं, असं त्याचं वर्णन जाणती माणसं करतात. मी आपलं एवढंच म्हणेन, की त्या देशात कुणाच्याही दारावरून जाताना आत काय शिजतंय ते वासावरून कळायचं, आणि आपण घुटमळलो तर घरची बाई 'या, बसा' म्हणायची. यापरतं ऐश्वर्य ते कोणतं?

या देशाच्या माथ्यावर मेघद्वार नावाची खिंड होती. पृथ्वीवरून स्वर्गाला जाणारी ती एकच वाट. कालनिर्घोष नावाच्या महाबाहू, वज्रदेही दैत्याने ती अडवली आणि देवदैत्यांचं युद्ध जुंपलं. शूल, शक्ती, मुद्गर, परिघ यांचा असा वर्षाव झाला, की दिशा लोपल्या आणि पर्वतांची शिखरं चूर्ण झाली. परंतु देवांनी अमृत प्राशन केलेलं आणि दैत्याने तपाने मृत्यू बांधून ठेवलेला. दोन्हीकडे मरणारं कुणीच नाही. मग मरायचं कुणी, एवढाच प्रश्न उरला.

देवराज इंद्र रथातून उतरून शालिप्रस्थाच्या राजाकडे आला. धृतकीर्ती त्याचं नाव. शूर होता, दानी होता, कौतुकाला मात्र फार हपापलेला. इंद्र म्हणाला, "राजन्, स्वर्गाचं रक्षण करण्याचा मान मी तुझ्या प्रजेला देतो. विजयोत्सवात तू माझ्या अर्ध्या आसनावर बसशील."

अर्धं आसन ऐकल्यावर राजाला पुढचं काही ऐकू आलं नाही. घराघरातून एकेक पुरुष निघाला. बायकांनी औक्षण केलं, मुलांनी फुलं उधळली. देव मागे आणि माणसं पुढे, अशी खिंडीच्या तोंडाशी रांग उभी राहिली.

वर्षं लोटली. कालनिर्घोष जागचा हलेना. त्याच्या सेनापतीने एकदा विचारलं, "स्वामी, आपण चाल का करत नाही? पुढे कोवळी माणसं आहेत."

दैत्य पहुडल्या पहुडल्या म्हणाला, "कशाला? आपण अजगराच्या जातीचे, वर्षातून एकदा जेवणारे. त्यांना रोज दोनदा लागतं. मी इथे नुसता पडून राहिलो तरी ते हरत असतात."

आणि खरंच तसं होतं. खालून धान्याच्या गाड्या निघत. चढणीच्या वाटेवर निम्मं बैल खात, उरल्यातलं निम्मं हाकणारे खात, आणि वर पोचे ते पोतं सोडताच संपे. घायाळ माणसाच्या जागी दुसरा यायला पावसाळा उलटे. शेवटी राजा इंद्राकडे गेला आणि हात जोडून म्हणाला, "देवेंद्रा, मला अर्धं आसन नको. एवढाच वर दे, की माझ्या सेनेच्या रांगेत कधी उणं पडू नये आणि सेनेच्या हंड्याचा कधी तळ लागू नये."

"तथास्तु," इंद्र म्हणाला.

राजा आनंदाने निघून गेल्यावर देवगुरू बृहस्पतींनी विचारलं, "देवराज, हे सगळं आणणार कुठून?"

"त्याने ते विचारलं नाही," इंद्र म्हणाला.

आता लोकांच्या घरातलं आपण कशाला बोलावं, पण कथा पुढे घरातच घडते, त्याला माझा इलाज नाही. शालिप्रस्थातल्या बायकांच्या लक्षात आलं, की रांजणातलं धान उतरतंय. झाकण जसंच्या तसं, वर ठेवलेला दगड जसाच्या तसा, आणि आतलं धान मात्र रोज वीतभर खाली. सासवांनी सुनांकडे पाहिलं, सुनांनी नणंदांकडे पाहिलं. ज्या शेजारणी विस्तव मागायला एकमेकींच्या चुलीपर्यंत जात, त्या आता उंबऱ्याबाहेरून बोलू लागल्या. शत्रूने टाकलेल्या अस्त्राने एवढी घरं फुटली नसती.

पिंगा नावाची एक तोंडाळ बाई होती. तिचा नवरा मंद्रक वर रांगेत होता. घरात ती, तिचा धाकटा दीर आणि जाऊ. पिंगाचा सगळा संशय जावेवर. तिने काय केलं, रांजणातल्या तांदळाला रात्री हळद चोळून ठेवली आणि सकाळी उठून जावेचे हात बघितले.

"बघताय काय, जाऊबाई? मेंदी काढायची आहे का?" जाऊ म्हणाली.

हात स्वच्छ होते. रांजण रिकामा होता.

थोड्या दिवसांनी मंद्रक घरी आला. पाय तुटला होता आणि काठीवर टेकत आला होता. रांगेत लंगडा चालत नाही. पिंगाने त्याला पेज वाढली. भांड्यात डोकावून तो म्हणाला, "पांढरीच का? मध्ये एकदा वर पिवळा भात आला होता. आम्ही म्हटलं, देवांनी अक्षतांचा प्रसाद धाडला. हंडे आपोआप भरतात ना आमचे."

पिंगाच्या हातातला पळा तसाच राहिला. तिने जावेकडे पाहिलं. जावेने मान खाली घातली नाही.

तेवढ्यात शेताकडून बैल हंबरल्याचा आवाज आला. धाकटा दीर नांगर धरून होता. धावत जाऊन पाहिलं तर नांगर तासात रुतलेला, बैल उभे, मूठ धरणारा नाहीसा. मंद्रकाने घरी पाऊल टाकलं तेव्हा तो रांगेतून गळला, आणि त्याच्या जागी त्याचा भाऊ भरला गेला होता. देवाचा वर शब्दाला पक्का होता. रांगेत उणं पडलं नाही.

जाऊ तासाच्या कडेला मातीत बसून राहिली. पिंगा तिच्याशेजारी बसली. या दोघी त्यानंतर एका चुलीवर रांधू लागल्या, पण रांधायला काही नव्हतं.

बायका जमून पर्णाशन ऋषींच्या आश्रमात गेल्या. आम्र, अशोक, कदंब यांनी वेढलेला, मृगशावकांनी निःशंक विहरावं असा तो आश्रम तळ्याच्या काठी होता. ऋषी समाधीत होते. फार वर्षं होते. त्यांचं तप मोठं, यात शंका नाही, परंतु आश्रमाचं मागचं दार कुठे उघडतं हे त्यांना ठाऊक असेल असं मला वाटत नाही. सगळा आश्रम चालवायची त्यांची पत्नी सुव्रता. तिला एकच मुलगा, उदर्क. समिधा आणणं, गाई वळणं, आईची थट्टा करणं, ही त्याची कामं.

या सुव्रतेकडे एक मोठा ठेवा होता. सुगी झाली की आजूबाजूची सगळी गावं आपल्या शेतातली सगळ्यांत भरदार कणसं तिच्याकडे आणून देत. ती मळून त्यांचं बियाणं राखेत घोळवी, कणगीत भरी, वर शेणाने लिंपून हात ठेवून म्हणे, 'भूमाते, हे तुझं. मी राखणदार.' त्या क्षणापासून ते खायचं धान्य उरत नसे. दुष्काळ पडो, घरात माणूस मरो, कुणी त्याला हात लावत नसे. पेरणीला ती ओंजळीओंजळीने परत देई. राखण करणाऱ्या बाईने त्यातला एखादा दाणा उष्टावला, तरच तो संकल्प मोडे.

म्हणूनच सगळ्या देशाचे रांजण आटले तरी ती कणगी भरलेली होती. खायच्या धान्यावर चालणारा वर तिच्यापाशी येऊन थांबला होता.

सुव्रतेने मंद्रकची हकिगत ऐकली, हळदीची ऐकली, नांगराची ऐकली. मग म्हणाली, "म्हणजे देवाने दिलं काही नाही. नुसतं वाहून नेलं."

"बाईसाहेब, तुमचा उदर्क तेवढा सांभाळा," पिंगा म्हणाली. "घरोघर आता म्हातारे आणि पांगळेच उरलेत."

बोलणं संपायच्या आत अंगणात समिधांची मोळी पडल्याचा आवाज आला. मोळी होती. सोडलेला दोर होता. सुव्रता बराच वेळ तो दोर गुंडाळत बसली.

त्यानंतर हंडे रिकामे निघू लागले. काढायला देशात दाणा नव्हता आणि रांगेत भरायला घरोघर म्हातारेच उरले होते. तेव्हा राजा धृतकीर्ती स्वतः आश्रमात आला. मुकुट तोच, गाल बसलेले. दोन भालाईत बरोबर. बायका कणगीपाशी उभ्या होत्या.

"आर्ये," राजा म्हणाला, "समस्त त्रैलोक्याचं भवितव्य आज तुझ्या मुखावर अवलंबून आहे. या बीजातला एक दाणा तू भक्षण कर. संकल्प सुटेल, हंडे भरतील, स्वर्ग वाचेल."

"बसा, राजन्. उन्हातून आलात," सुव्रता म्हणाली. "हे बी किती पुरेल?"

"आजची पंगत उठेल."

"आणि उद्याची?"

राजा मुकुट सावरत म्हणाला, "उद्या देव काहीतरी करतील."

"त्यांनी केलं तेवढं पुरे झालं," पिंगा मागून पुटपुटली.

राजाचा स्वर खाली आला. "आर्ये, तुझा मुलगा त्या रांगेत बसला आहे. पान मांडून बसला आहे. तू दाणा तोंडात घातलास तर त्याच्या पानावर भात पडेल. मी त्याला तसा बसलेला डोळ्यांनी बघून आलो आहे."

 सुव्रतेने कणगीचं लिंपण फोडलं. मूठभर बी हातावर घेतलं, राख फुंकून टाकली. पिवळे, टपोरे दाणे होते. बायका श्वास रोखून बघत होत्या, कारण त्यांतली प्रत्येकजण आई होती आणि तिच्या जागी आपण काय केलं असतं ते प्रत्येकीला ठाऊक होतं. हात ओठांपर्यंत गेला. तिथे तो किती वेळ राहिला ते मला सांगवत नाही.

मग तो हात खाली आला. "त्याचं जेवण एका सांजेचं," ती म्हणाली, "आणि या सगळ्यांची पेरणी कायमची."

"मग मला बळ वापरावं लागेल," राजा म्हणाला. भालाईत पुढे सरले.

"पिंगा, हात लाव," सुव्रता म्हणाली.

पिंगा, तिची जाऊ आणि सगळ्या बायका कणगीला भिडल्या. उतारावरची ती पुरुषभर उंच कणगी कलली, आडवी झाली आणि मागच्या तळ्याच्या चिखलात फुटली. सोन्यासारखं बी पाण्यावर पसरलं आणि बुडालं. सुव्रतेने हातातली मूठही त्यावर टाकली आणि तपस्विनीच्या वाणीने बोलली,

"भूमाते, तुझं तुला दिलं. हे बीज न पेरता उगवो, न राखता वाढो. आणि पिकल्यावर मुठीत सापडण्याआधी गळून जावो. याने माणसाची भूक भागो, पण कोणत्याही राजाचं कोठार कधी न भरो."

राजा चिखलाच्या काठाशी गुडघे टेकून दाणे वेचू लागला. ते बोटांतून निसटत राहिले.

पुढची कथा थोडकी आहे. हंडे कोरडे पडले आणि माणसांची रांग बसल्या जागी संपली. माणसं संपली तेव्हा देवराज इंद्राला प्रथमच दिसलं, की आपल्या आणि कालनिर्घोषाच्या मध्ये कुणी नाही. त्याच दुपारी तह झाला: सकाळी वाट देवांनी वापरावी, संध्याकाळी दैत्यांनी. पहिल्या दिवशीही हे ठरवता आलं असतं. पण तेव्हा पुढे उभं राहायला माणसं होती ना.

रांगेतल्या ज्या थोड्यांत धुगधुगी उरली होती ते खाली उतरले. त्यांनी उदर्काला झोळीत घालून आणलं होतं. त्यांतला एकजण सुव्रतेला म्हणाला, "माई, त्याच्या अंगात चालण्याचं बळ होतं. आम्ही म्हटलं, ऊठ, आश्रम जवळ आहे. तो म्हणाला, मी उठलो तर जागा रिकामी पडेल आणि तिथे तात येतील; बसल्या जागी मेलो तर ती भरलेलीच राहील. मग पान सरळ केलं आणि बसून राहिला."

ते पान त्यांनी आणलं होतं. वाळलं होतं, पण कोरं होतं.

त्याच वेळी पर्णाशन ऋषींची समाधी उतरली. त्यांनी डोळे उघडले, अग्निकुंडाकडे पाहिलं आणि विचारलं, "उदर्क कुठे आहे? समिधा आल्या नाहीत."

सुव्रतेने त्यांना हात धरून अंगणात नेलं.

इंद्र आला, तो विजयोत्सवाच्या वेषात. झोळी पाहून थबकला. म्हणाला, "साध्वी, तुझ्या पुत्राचा त्याग स्वर्ग विसरणार नाही. वर माग. जे मागशील ते देईन."

सुव्रता म्हणाली, "देवराज, तुमच्याकडे द्यायला आहे काय? तुम्ही जे द्याल ते कुणाच्या तरी घरातून उचलाल. मी मुलगा मागितला, तर कुणाच्या अंगणात मोळी पडेल?"

इंद्र एक पाऊल मागे सरला.

तिने ते कोरं पान त्याच्यापुढे मांडलं. "तुम्ही माझ्या मुलाला पान दाखवलंत आणि वाढलं नाही. यापुढे तुमचंही तेच होवो. माणसं तुमच्यापुढे अन्न आणतील, हात जोडतील, ते तुम्हाला दाखवतील. पण तुमच्या तोंडी एक शीत जाणार नाही. ते उचलून पुन्हा घरात नेतील आणि लेकरांना वाढतील."

तेव्हापासून तळ्याकाठी ती रानसाळ आपोआप उगवते आणि हात लागण्याआधी गळते. सुपात झाडून, चिखलात वाकून, वेचेल तेवढीच मिळते. शालिप्रस्थाच्या बायकांनी त्यावर पोरं जगवली. पेरायचं बी पुढे परक्या देशांतून भीक मागून आणावं लागलं, तेही खरं.

ही कथा ऐकल्याने धनधान्य वाढतं, पुत्र दीर्घायुषी होतात, असं सांगायची रीत आहे. मी सांगणार नाही. सुव्रतेचा झाला नाही. एवढंच बघा, की आपण देवापुढे ताट ठेवतो, भोवती पाणी फिरवतो, डोळे मिटतो आणि मग ताट उचलून आत आणतो. कुणी विचारत नाही, देव जेवला का. पानावरचं शीतही हललेलं नसतं, आणि मुलं पाटावर वाट बघत असतात.

त्यांना आधी वाढा.